उरलेले अध्याय

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या निधनाला २०१९च्या मे महिन्यात शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने आमच्या भागातल्या एका लहानशा नियतकालिकाने लेख मागितला, तेव्हा विषय मीच सुचवला : टिळकांची पुनरुत्थानावरची श्रद्धा आणि त्यांची आशा. लेख छापून आला. ‘सर, भाषा काय रसाळ आहे’ असे दोन-चार फोनही आले. भाषा रसाळ होतीच. जन्मभर मराठी शिकवून तेवढंही जमू नये म्हणजे कमालच! पण त्या लेखात एक ढळढळीत चूक होती. आणि ज्या स्वभावातून ती झाली, त्याच स्वभावाने आदल्या वर्षी आमच्या घराचं फार मोठं नुकसान केलं होतं. लेखातली चूक सांगायला सोपी, म्हणून आधी ती सांगतो.

मी मूळचा इंझोरीचा. वाशीम जिल्हा, मानोरा तालुका. सोयाबीन, तूर आणि थोडीफार पऱ्हाटी. ख्रिस्ती नाही. टिळक मला भेटले ते शाळेच्या पुस्तकात, ‘केवढे हे क्रौर्य’मधल्या घायाळ पक्षिणीबरोबर. पुढे वाचत गेलो तसं कळलं की त्यांच्या धर्मांतराची वाट आमच्या विदर्भातूनच गेली होती. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचं काम करत. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला, गप्पा झाल्या, आणि उतरताना त्याने ‘नवा करार’ यांच्या हाती ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. मग नगर, अमेरिकन मराठी मिशन, ‘ज्ञानोदय’, अभंग. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ला, ते गेले.

इथपर्यंत माझा लेख बिनचूक होता. मग मी ‘ख्रिस्तायना’कडे वळलो. टिळकांची आशा पाहायची तर या महाकाव्यात पाहावी, क्रूसाकडून रिकाम्या कबरीकडे येताना त्यांची वाणी कशी उजळत जाते, वगैरे. आज ‘वगैरे’ म्हणतो. तेव्हा त्याचं दीड पान झालं होतं. पुस्तक मी कधीकाळी ग्रंथालयात उभ्या उभ्या चाळलेलं. चाळलेल्या पुस्तकावर बेधडक लिहिणं हे आमच्या व्यवसायातलं जुनं दुखणं आहे, आणि ते निवृत्तीनंतरही बरं होत नाही.

लेख छापून आल्यावर काही दिवसांनी वाशीमहून एका बाईंचा फोन आला. निवृत्त नर्स. वाशीमला नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३०च्या दशकापासून आहे. जुनी माणसं त्याला ‘मिशनचा दवाखाना’ म्हणतात. त्याच्या सावलीत या बाईंचं लहानपण गेलेलं. आवाज मऊ, पण बोलणं नेमकं. म्हणाल्या, “सर, कबरीपर्यंत टिळक पोचलेच नाहीत. ते सुरुवातीलाच थांबले. पुढचं सगळं बाईंनी लिहिलंय.”

बाईंनी म्हणजे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळकांच्या हातून सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले होते. त्यापुढे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. येशूचा जन्म, बालपण इथवर टिळक. काटेरी मुकुट, सुळी, तिसरा दिवस, यातलं काहीच त्यांच्या हातून झालेलं नाही. म्हणजे ज्या वाणीच्या उजळण्याचं मी दीड पान वर्णन केलं, ती वाणी टिळकांची नव्हतीच!

मला घाम फुटला तो अज्ञानामुळे नव्हे. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं होतं. त्यांच्या वडिलांचं ते भयंकर सोवळं, टिळकांचा विक्षिप्त दानशूरपणा, हातात पैसा न टिकणारा संसार. मुलं खो-खो हसायची आणि तास छान व्हायचा. लक्ष्मीबाई म्हणजे हसवणारी, साधीभोळी, नवऱ्याने अक्षरओळख करून दिलेली बाई, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. अशी बाई पुनरुत्थानावर काय लिहिणार? श्रद्धा नवऱ्याची, विचार नवऱ्याचा, हिने फार तर आठवणी लिहाव्यात. असं मी कधी बोललो नाही. पण शिकवलं तेच.

खरं तर त्या बाईला नवरा दोनदा गेला होता. पहिल्यांदा १८९५मध्ये, जिवंतपणी. बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा तिचं काय झालं, ते तिनेच लिहून ठेवलंय. पदरात लहानगा दत्तू, लोकांच्या घरी आसरा, आणि सुमारे पाच वर्षांची ताटातूट. ती टिळकांकडे परत आली तेव्हाही सोवळं बरोबर घेऊन आली, आणि ते तिने सोडलं ते आपल्या विचाराने, आपल्या गतीने, स्वतःशी भांडून. दुसऱ्यांदा १९१९मध्ये. त्यानंतर सतरा वर्षं ती टिळकांविना जगली, आणि याच काळात तिने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, ‘ख्रिस्तायना’चे चौसष्ट अध्यायही लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ला ती गेली. मराठीत पुनरुत्थानाविषयी कोणाला काही सांगायचा अधिकार असेल तर माझ्या मते तो या बाईला टिळकांपेक्षा काकणभर जास्तच आहे. टिळकांनी आशा गायली, पण त्यांच्या माघारी तिचे अध्याय लिहून काढणं हिच्या वाट्याला आलं.

फोन ठेवण्याआधी नर्सबाईंनी आणखी एक विचारलं. माझ्या लेखाच्या शेवटी एक प्रसंग होता. ‘आमच्या गावातल्या एका शोकाकुल भगिनीला मी पौलाचं बीजाचं वचन सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत आशेचा किरण दिसला,’ असा. बाई म्हणाल्या, “ती काय म्हणाली, ते लेखात नाही, सर.”

ती काहीच म्हणाली नव्हती. ती आमची वहिनी.

माझा थोरला चुलतभाऊ इंझोरीलाच असे. आम्ही त्याला दादा म्हणायचो. २०१८च्या भाद्रपदात सोयाबीन शेंगांवर आलं होतं, आणि रानडुकरांचा उच्छाद होता. दादा रोज जागलीला जाई. वावरात चार बल्ल्यांवर ताडपत्री टाकलेली, खाली गोणपाट अंथरून झोपायचा. त्या दिवशी पहाटे घरी आला तो पोट दुखतंय म्हणत. वहिनीने ओवा दिला. मी सुटीला गावात होतो. उठून गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या. झोप झाली नाही म्हणून असेल, असं मीच म्हणालो. पायावर ना दाताची खूण, ना सूज. तासाभरात बोलणं जड झालं, तोंडातली लाळ गिळता येईना. तेव्हा कुठे शेजारच्यांची गाडी काढली. अर्ध्या वाटेत त्याची छाती हलायची थांबली. मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “वळवा गाडी. संपलं.”

नाडी मी पाहिली नाही. पाहता येत नाही मला. पण गाडीत शिकलेला मी एकटाच, तेव्हा मी म्हणालो ते सगळ्यांना पटलं.

वावरात ताडपत्रीखाली गोणपाट उचललं तर मण्यार निघाली. पोलीस पाटील आले. म्हणाले, “सर, ठाण्याले कळवा लागते. पोस्टमार्टम करा लागते.” घरात रडारड सुरू होती. मी हात जोडले, म्हणालो, “गेला तो माणूस. आता चिरफाड कशाला? देहाचं काय एवढं?” आणि दुपारी चारपर्यंत सगळं आटोपलं.

देहाचं काय एवढं! ज्या पौलाच्या पत्राचा मी वर्षभरात दीडशहाणा भाष्यकार होणार होतो, त्यात सगळा भर देहावर आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय. आत्मा तेवढा सुटून वर जातो, अशी गोष्ट पौल सांगतच नाही. जे पेरलं जातं तेच उठवलं जातं, असं तो म्हणतो; बीजाचा दृष्टांत त्याचाच आहे. तेराव्याला, पाहुणे पांगल्यावर, मी तोच दृष्टांत वहिनीला ऐकवला. बी मातीत जातं तेव्हा ते संपत नाही. वहिनी भांडी विसळत होती. तिने मान हलवली आणि पातेलं पालथं घातलं. माझ्या लेखातला आशेचा किरण तो हाच.

लेखाला वजन यावं म्हणून मी त्यात युर्गन मोल्टमानलाही आणलं होतं. हा जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ मला मनापासून आवडतो, त्यामुळे त्याच्यावर केलेला अन्याय जास्त खुपतो. १९२६चा जन्म, हॅम्बुर्गचा. १९४३च्या जुलैमध्ये इंग्रजांच्या बॉम्बफेकीत शहर जळत होतं, आणि हा शाळकरी पोरगा विमानविरोधी तोफेवर नेमलेला. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बने उडाला, हा वाचला. देवाधर्माचं वातावरण घरात नव्हतं, तरी त्या रात्री त्याने देवाला हाक मारली : तू आहेस कुठे? पुढे युद्धकैदी म्हणून १९४८पर्यंत बेल्जियम, स्कॉटलंड, इंग्लंड इथल्या छावण्या. तिथे हाती बायबल आलं आणि स्तोत्रसंहितेतल्या विलापाने त्याला धरलं. १९६४ साली त्याचं ‘आशेचं ईश्वरशास्त्र’ आलं आणि तो जगभर गाजला. पुनरुत्थान म्हणजे मेल्यावरच्या सोयीची हमी, ही समजूत त्याने मोडून काढली. ज्याला ते खरं वाटतं त्याला आहे हे जग आहे तसं सोसवतच नाही, आशा माणसाला स्वस्थ बसू देत नाही, असं त्याचं म्हणणं.

हे सगळं मी लेखात नीट मांडलं. फक्त आशेचा वापर मी उलटा केला होता. वहिनी स्वस्थ बसावी म्हणूनच तर मी तिला ती दिली. तिने विचारू नये, तिने रडू नये, मला तिच्यासमोर अवघडल्यासारखं होऊ नये. मोल्टमानने आठ वर्षांनी, १९७२ला, ‘क्रूसावरचा देव’ लिहिलं. देव दुःखाच्या बाहेर उभा राहून धीर देत नाही, तो त्या मरणात असतो, असा त्याचा रोख. ते पुस्तक मी विकत घेऊन ठेवलं होतं. उघडलं ते नर्सबाईंचा फोन आल्यावर.

आता विम्याचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत तेव्हा सातबारावर नाव असलेला शेतकरी अपघाताने गेला तर वारसाला दोन लाख रुपये मिळत, आणि सर्पदंश त्यात बसत होता. कृषी सहायकाने आपणहून घरी येऊन सांगितलं. वहिनीने सातबारा काढला, मृत्यूचा दाखला काढला, वारसाची नोंद करायला तलाठ्याकडे चकरा मारल्या. सगळे कागद झाले, दोनच राहिले : पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. प्रस्ताव त्रुटीत निघाला. त्रुटी भरून निघण्यासारखी नव्हती, कारण ती मी भाद्रपदातल्या त्या दुपारी चार वाजता जाळून टाकली होती. इतका शिकलेला माणूस घरात नसता तर पोलीस पाटलांचं सगळ्यांनी ऐकलं असतं.

मी वहिनीला पैसे देऊ केले. तिने थोडे घेतले, हातउसने म्हणून, आणि तूर विकल्यावर परत केले. मी नको-नको म्हणालो तर म्हणाली, “ठेवा भाऊजी. पुढं लागले तं मांगता आले पायजेत ना.”

शेत तिने ठोक्याने दिलं नाही. दादा असताना ती निंदायला, वेचायला वावरात असायचीच. पण बियाणं, खत, भाडं, बाजार हे दादाचं. ते तिने एकेक करून हाती घेतलं. २०२० साली महाराष्ट्रात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. पेरलं, पाऊस झाला, आणि तासंच्या तासं रिकामी. वहिनीचंही तेच झालं. मी धुऱ्यावर उभा होतो. तिने तासात बोट खुपसून दाणा बाहेर काढला. फुगलेला, बुळबुळीत, चिमटीत दाबला तर आतून पांढरा चिखल. तो तिने माझ्या तळहातावर ठेवला.

“घ्या. तुमचं बी.”

तेराव्याच्या दिवशी मी काय बोललो ते ती विसरली नव्हती. चेष्टा होती त्यात, थोडा राग असावा. पौलाने हा दाणा पाहिला नसावा, एवढंच माझ्या मनात आलं. वहिनीने दुबार पेरणी केली, आणि पुढच्या वर्षीपासून घरचं बियाणं राखायला लागली. उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा ती ओट्यावर ओलं गोणपाट पसरून बसली होती. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, मधे बोटभर जागा. वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी, आणि ती सावलीत ठेवून रोज पाण्याचा हबका. आठवड्याने उघडून तिने मोड मोजले. शंभरात एकाहत्तर. कृषी खात्याचं सांगणं सत्तराचं. त्याच्या वर असेल तर नेहमीच्या प्रमाणात पेरा, खाली असेल तर बियाणं वाढवा. वहिनी म्हणाली, “जमलं. पन एकरी दोन किलो वाढवूनच टाकतो.” एकाहत्तर उगवलेत म्हणून तिने नुसता भरवसा धरला नाही, आणि एकोणतीस मेलेत म्हणून बियाणं फेकलंही नाही.

मोल्टमान ३ जून २०२४ला गेला. अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन. पाठोपाठ २५ जुलैला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. ‘सुबोध बायबल’वाले, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. दोघांवर मिळून लिहा, असं त्याच नियतकालिकाने कळवलं. मी हो म्हणालो आणि अडकलो. कारण मधल्या काळात एका डॉक्टर मित्राने मला मण्यारीविषयी सांगितलं होतं. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात. आधी पापण्या, मग घसा, मग छाती. माणूस मेल्यासारखा दिसतो, बोलत नाही, डोळा उघडत नाही, श्वास बंद होतो. आणि हृदय मात्र काही वेळ चालू असू शकतं. तेवढ्यात कोणी श्वास देत राहिलं, पुढे दवाखान्यात कृत्रिम श्वासावर ठेवून लस दिली, तर माणूस उठून घरी येतो. असे आलेले रुग्ण त्याने स्वतः पाहिले होते.

दादा त्यातला होता की नव्हता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण गाडी मी वळवली. पुनरुत्थानावर मी इतकी पानं लिहिली, आणि ज्याची छाती पुन्हा हलण्याची थोडीफार शक्यता होती त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी म्हणालो, संपलं.

दिब्रिटोंवरचा लेख बाजूला ठेवून मी इंझोरीला गेलो आणि वहिनीला हे सांगितलं. अडखळत, पण सगळं. ती तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“मले मालूम हाय,” ती म्हणाली. “दवाखान्यातल्या बाईनं तवाच सांगतलं होतं. दोन-तीन महिन्यानं.”

“मग बोलल्या काहून नाही?”

“बोलून काय करतो? तुमाले झोप लागली असती काय?” सूप झटकून ती पुढे म्हणाली, “रोज याचा राग तुमचा. लय राग याचा. मंग एक दिवस समजलं का मी बी तं ओवाच देल्ला होता.”

पाच-सहा वर्षं हे घेऊन ती माझ्याशी बोलत होती, मला चहा देत होती, पैसे परत करत होती. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. लक्ष्मीबाईंचे चौसष्ट अध्याय मी आता सलग वाचायला घेतलेत. सावकाश, पेन्सिल घेऊन. टिळकांवरच्या लेखातली दुरुस्ती नियतकालिकाने छापली, पण शेवटच्या पानावर, जाहिरातीखाली, चार ओळींत. म्हणून हा लेख.

छापायला देण्याआधी तो वहिनीला वाचून दाखवला. टिळकांचं तिने मुकाट्याने ऐकलं, जर्मनीचं ऐकताना एकदा जांभई दिली. लक्ष्मीबाईंपाशी मात्र थांबवून विचारलं, “तिचं पोट कशावर चालत होतं?” मुलाकडे राहायची, आणि लिहायची, असं मी सांगितलं. ती हुं म्हणाली. शेवटी म्हणाली, नाव घालू नका, बाकी छापा. पण लोकांच्या कामाचं तेवढं नीट लिहा, तुमच्या भाषेत नका लिहू. म्हणून तिने सांगितलं तसं लिहितो. जागलीला जाणाऱ्याने जमिनीवर झोपू नये. बाज न्यावी, मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली खोचावी. पहाटे पोट दुखतं, पापणी जड झाली, गिळता येत नाही, असं झालं तर खूण शोधत बसू नये, ओवा देऊ नये, १०८ला फोन करावा. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहावं आणि गाडी वळवू नये. माणूस गेला की नाही ते डॉक्टरने सांगावं. आणि गेलाच, तर घरातला कोणी शिकलेला काहीही म्हणो, आधी पोलीस पाटलांना बोलवावं.